‘थ्री फेज’ ग्रुपचा प्रेमसिंग

दिग्रसहून पुसदकडे निघालं की जिनिंगची लांब भिंत संपते तिथं डाव्या हाताला एक टिनाचं शेड लागतं. बाहेर उलट्यापालट्या करून ठेवलेल्या मोटरी, आत तांब्याच्या तारेची रिळं आणि सगळीकडे वार्निशचा वास. हे प्रेमसिंग राठोडचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान. विहिरीवरची मोटर जळली की शेतकरी ती दुचाकीवर दोघांच्या मधे धरून इथं आणतात. प्रेमसिंग जळालेली तार कापून काढतो, नवी गुंडाळतो, वार्निश देऊन वाळवतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मोटर परत करतो. मिसरूड फुटलं तेव्हापासून तो हेच काम करतोय. राहायला मात्र गावाबाहेरच्या बंजारा तांड्यात आहे. बायको पुष्पा, आई सोनीबाई आणि यवतमाळला कॉलेजात शिकणारी मुलगी दिपाली, एवढं त्याचं घर.

माझी मोटर दोनदा त्याच्याकडे गेली आहे, म्हणून मी त्याला ओळखतो. दुकानासमोर एक बाकडं आहे. काम होईपर्यंत गिऱ्हाईक तिथं बसतं आणि बसलं की बोलतं. कोणी काहीही बोललं तरी प्रेमसिंगचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं : “हे तुले कोनं सांगतलं?” त्यानंतर वाद. त्याला वादाची आवडच होती. दुकानात येणारा माणूस कोणत्या बाजूचा आहे हे पाहून तो उलट बाजू घ्यायचा.

ग्रुप निघाला तो मात्र वादासाठी नव्हे. शेतीच्या लाइनीचं, म्हणजे विजेचं, वेळापत्रक कागदावर एक असतं आणि प्रत्यक्षात दुसरं. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, आणि मधेच बिघाड झाला तर काहीच नाही. शेतकरी सारखे प्रेमसिंगला फोन करायचे, लाइन आली का म्हणून. तो आमच्या भागातल्या वायरमनला विचारायचा. या वायरमनचं नाव भुजंग टेकाम. हा कोलाम आदिवासी समाजातला, घाटंजीकडच्या एका पोडावरचा, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरचा, आणि त्या पोडावरून सरकारी खांबावर चढलेला पहिलाच माणूस. दोघांची ओळख कामातून झाली आणि दोस्ती बाकड्यावर. शेवटी भुजंगच म्हणाला, “मी किती जनाइले सांगू? एक ग्रुप काढ, तिथं टाकत जाईन.” प्रेमसिंगनं व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला. नाव दिलं, ‘थ्री फेज आली का’. ॲडमिन दोघं.

भुजंगचे मेसेज पोस्टाच्या तारेसारखे तुटक असत. “सकाळी आठ ते चार.” “सबस्टेशनमधी काम आहे, उशीर.” आणि सगळ्यात महत्त्वाचा : “एक फेज उडाली. ऑटो बंद ठेवा.” मोटरला ऑटो लावलेला असला की लाइन आल्याबरोबर ती आपोआप सुरू होते. तीनपैकी एक फेज नसेल तर ती तशीच घरघरते आणि जळते. भुजंगच्या त्या एका ओळीनं कितीतरी मोटरी वाचल्या. “तू माह्या पोटावर पाय देऊन राह्यला बे,” असं प्रेमसिंग त्याला हसत हसत म्हणायचा.

लाइनीची वाट पाहणारे लोक एकत्र जमले की आणखी काय करणार? हळूहळू ग्रुपात बाकी गोष्टी यायला लागल्या. वेगळा विदर्भ पाहिजे की नको. लग्नात डीजे वाजू द्यावा की नाही. पोरींना शिकायला यवतमाळला खोलीवर ठेवावं का. रोही म्हणजे नीलगाई आणि डुकरांपासून पीक वाचवायला कुंपणात करंट सोडणं बरोबर की गुन्हा. प्रेमसिंग सकाळी दुकान उघडलं की एक प्रश्न टाकायचा आणि कामाला लागायचा. हात तेलकट, म्हणून उजव्या हाताची करंगळी तेवढी स्वच्छ ठेवून तिनं टाइप करायचा. जास्त राग आला की आवाजाचा मेसेज पाठवायचा आणि मागून मोटर ठोकल्याचा आवाज यायचा. आजूबाजूच्या गावांतले लोक जोडले गेले. शेती नसलेलेही आले. ग्रुप भरला.

प्रेमसिंग चांगला वाद घालायचा, पण त्याला जिंकायचं असायचं. त्याच्या मोबाइलमध्ये लोकांच्या जुन्या मेसेजांचे स्क्रीनशॉट साठवलेले होते. एकदा अतुलनं डीजेच्या विरोधात लांबलचक लिहिलं. अतुल म्हणजे बाजारातला कृषी केंद्रवाला, घरची शेती असलेला, सरळ माणूस. वडिलांना दोनदा छातीचा त्रास झाला होता, त्यातून त्यानं ते लिहिलं असावं. प्रेमसिंगनं दहा मिनिटांत अतुलच्याच लग्नाच्या वरातीचा व्हिडिओ शोधून टाकला. त्यात अतुल डीजेच्या गाडीपुढं खांद्यावर रुमाल उडवत नाचत होता. ग्रुपात हसण्याचा पाऊस पडला. अतुल पुढं कित्येक दिवस दुकानासमोरून मान वळवून जायचा.

त्या दिवशी भुजंग बाकड्यावर बसला होता. तो म्हणाला, “तू जिंकला, पन त्यानं तुह्यं काईच आयकलं नाई.”

“त्याच्यापाशी उत्तरच नव्हतं, आयकनार काय?” प्रेमसिंग म्हणाला.

भुजंग उठून दुचाकीकडे गेला. तो असाच होता, एक ओळ बोलायचा.

मागच्या पावसाळ्याच्या शेवटी आरक्षणाचा विषय तापला. बंजारा समाजाला आदिवासींच्या यादीत घ्या, अशी मागणी जोरात आली. गावोगाव बैठका झाल्या, मोर्चे निघाले. लगेच आदिवासी समाजाचे मोर्चे निघाले, की आमच्या यादीत दुसऱ्या कोणालाही घेऊ नका. प्रेमसिंग यवतमाळच्या मोर्चाला गेला. पांढरा सदरा, गळ्यात पिवळा रुमाल, शेजारी फेटिया-कांचळीच्या बंजारा पेहरावातल्या म्हाताऱ्या बाया. त्यानं फोटो ‘थ्री फेज’वर टाकले. थोड्या दिवसांनी भुजंगनं आदिवासींच्या मोर्चाचा फोटो टाकला. फक्त एक फोटो, खाली शब्दही नाही.

इथून सुरू झालं. आधी दोन्हीकडचे चारदोन लोक लिहीत होते. मग प्रेमसिंग उतरला. त्यानं सगळं मांडलं : जुने कागद, शेजारच्या राज्यात काय आहे, आमच्यावर काय अन्याय झाला. भुजंगनं उत्तर दिलं, “हे पटत नाही.” प्रेमसिंगनं आणखी लिहिलं. भुजंगनं पुन्हा, “नाही पटत.” ज्याला लांब उत्तर देता येत नाही त्याच्यापाशी मुद्दाच नसतो, असा प्रेमसिंगचा समज होता. दिवसभर चाललं. संध्याकाळी त्यानं एक वाक्य टाकलं :

“तुमच्या जागा नाहीतरी रिकाम्याच राहतात. दुसऱ्यानं घेतल्या तर तुमच्या पोटात कायले दुखते?”

मग स्क्रीनवर ती बारीक अक्षरातली ओळ आली : भुजंग टेकाम बाहेर पडले. त्याच्या मागं आणखी बरेच जण. काहींनी टाळ्या वाजवणारे हात टाकले. मीही तो मेसेज वाचला होता आणि गप्प बसलो होतो.

त्या वाक्याचा स्क्रीनशॉट कोणीतरी बाहेर पाठवला. इतरांचे स्क्रीनशॉट साठवणाऱ्या माणसाचा स्क्रीनशॉट दोनच दिवसांत तालुक्यात फिरला. खाली नाव, नंबर, सगळं. अनोळखी फोन आले. कोणी शिव्या दिल्या, तर कोणी “शाब्बास, असंच पाहिजे” म्हणून पाठ थोपटली. प्रेमसिंग मला नंतर म्हणाला, “शिव्यापेक्षा ते शाब्बास म्हननारे जड गेले. त्यायचा आवाजच मले आवडला नाही.”

मग पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं. तिथल्या साहेबांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, “ॲडमिन तुम्हीच ना? बाहेर वातावरण कसं आहे ते पाहताय. तुमच्या ग्रुपवरून उद्या काही झालं तर आम्ही पहिल्यांदा तुमच्याकडेच येऊ.” नोटीस दिली, सही घेतली. प्रेमसिंग दुकानात आला आणि मोबाइलमध्ये एक बटण दाबलं. आता ग्रुपात फक्त ॲडमिनलाच लिहिता येणार होतं. आणि ॲडमिन तो एकटाच उरला होता.

‘थ्री फेज’ मुका झाला. हरभरा आणि गव्हाला पाणी द्यायचे दिवस आले. लाइन केव्हा येते, केव्हा जाते, कोणाला कळेना. एका सकाळी तांड्यातल्या हंसाबाई ऑटोरिक्षात मोटर टाकून आल्या. वांगी-टमाटे पिकवून स्वतः बाजारात विकणाऱ्या या बाई, प्रेमसिंगच्या नात्यातल्या मावशी लागतात. मोटर खाली उतरवून घेत त्या म्हणाल्या, “एक फेज नव्हती म्हन. आमाले कोनं सांगावं? ऑटो चालू राह्यला, जळली. तुमी दोघं भांडता अन् मोटर माही जळते, हा कोनता न्याय आहे रे?”

त्या आठवड्यात दुकानात मोटरींचा ढीग लागला. धंदा एवढा कधी झाला नव्हता. प्रेमसिंगनं हंसाबाईंची मोटर सगळ्यांच्या आधी बांधून दिली. तार गुंडाळताना वेढे चुकले आणि दोनदा सोडावे लागले. असं त्याचं सहसा होत नाही.

दिपाली सुट्टीला घरी आली होती. संध्याकाळी अंगणात सोनीबाई ओल्या तुरीच्या शेंगा सोलत होत्या. प्रेमसिंग येऊन बसला. दिपाली त्याच्याशी नीट बोलत नव्हती. त्यानं कारण विचारलं.

“बाबा, माह्या खोलीवर कोन राहते माहीत आहे ना?” ती म्हणाली.

त्याला माहीत होतं. केळापूरकडची एक कोलाम मुलगी. दोनदा घरी येऊन गेली होती, पुष्पाच्या हातच्या भाकरी खाऊन.

“तिनं मले तुमचा मेसेज दाखवला. तुमचं नाव वाचलं अन् इचारलं, हे तुहे बाबा आहे का?”

“तू काय म्हनलं?”

“हाव म्हनलं. दुसरं काय म्हनू?”

प्रेमसिंग म्हणाला, “अवं, मी तुह्यासाठीच तं लढून राह्यलो. तुले जागा भेटाव म्हनून.”

“जागा पाह्यजेच मले,” दिपाली म्हणाली. “पन ती माह्या बाजूच्या खाटेवर झोपते. जागा रिकाम्या राहते म्हनता तुमी. ती बारावीपर्यंत शिकली ते कसं, ते तरी इचारा एखाद्या टाइमले.”

सोनीबाई शेंगा सोलतच होत्या. त्या गोर बोलीतच, म्हणजे बंजाऱ्यांच्या भाषेतच, बोलतात. त्या जे म्हणाल्या ते प्रेमसिंगनं मला मराठीत सांगितलं. त्याचे वडील लखीराम तांड्याचे नाईक, म्हणजे प्रमुख, होते. भांडण घेऊन दोघं आले की लखीराम दोघांनाही लगेच आपली बाजू मांडू द्यायचे नाहीत. पहिल्याला म्हणायचे, तो काय म्हणतो ते तू सांग. दुसरा “हो, हेच माझं म्हणणं” असं बोलेपर्यंत पहिल्याला आपली बाजू मांडता येत नसे. “लोक चिडायचे,” सोनीबाई म्हणाल्या. “पण एकदा दुसऱ्याचं तोंडानं नीट बोललं की आवाज आपोआप खाली यायचा. तुझा बाप काही लई हुशार नव्हता. त्याला एवढं एकच येत होतं.”

दुसऱ्या दिवशी प्रेमसिंग दुकान बंद ठेवून भुजंगला शोधत निघाला. तो आर्णी रस्त्याकडच्या एका शेतात सापडला, ट्रान्सफॉर्मरच्या डीपीजवळच्या खांबावर. खाली त्याची दुचाकी आणि चपला. प्रेमसिंग बांधावर बसून राहिला. भुजंगनं वरून पाहिलं, पण काम संपवूनच तो खाली उतरला. हातमोजे काढले, बाटलीतलं पाणी प्यायला. बाटली पुढं केली नाही.

“काहून आला?”

“माह्यं चुकलं,” प्रेमसिंग म्हणाला. “ते पोटात दुखते वालं.”

“चुकलं तं चुकलं. इथं माह्यासमोर म्हनून काय होते? लिवलं तं तू सगळ्याइसमोर.”

“तिथंबी लिवतो. पन त्याच्या आधी मले एक सांगू दे. तुह्यं म्हननं काय आहे ते मी सांगतो. बरोबर आहे का पाय.”

भुजंगला हे चमत्कारिक वाटलं, पण तो दुचाकीला टेकून उभा राहिला. “सांग.”

“तुमाले भीती वाटते, का आमी तुमच्या जागा खाऊ.”

“नाही. भीती तुह्या डोक्यातली आहे. हे माह्यं नाही.”

“तुमी म्हनता, का बंजारे आदिवासी नाहीच.”

“ते नेते म्हनते माइकवर. मी म्हनलो का कधी तुले? आठव.”

प्रेमसिंगनं आठवून पाहिलं. भुजंग असं कधीच म्हणाला नव्हता. इतक्या वर्षांत, दिवसभर चाललेल्या त्या भांडणातही नाही. “मंग तूच सांग,” तो म्हणाला.

मग भुजंग बोलला, आणि एका ओळीत नाही. त्याच्या बहिणीचा मुलगा पोडावरून निघून आश्रमशाळेत, तिथून पांढरकवड्याला, तिथून पॉलिटेक्निकपर्यंत कसा गेला ते त्यानं सांगितलं. त्याच्याबरोबरचे किती जण वाटेत गळाले, कोणी तापानं घरी आलं ते परतच गेलं नाही, कोणाचा दाखला वेळेवर मिळाला नाही, कोणाला मराठीच नीट येत नव्हती आणि मास्तर कोलामी समजत नव्हता. “जागा रिकामी राहते हे खरं आहे,” तो म्हणाला. “पन ती कायले राहते, हे तुमच्यापैकी एकानं तरी इचारलं का?”

प्रेमसिंग बांधावरून उठून जवळ आला. मग म्हणाला, “पुन्हा सांगून पाहतो. तुह्यं म्हननं असं, का तुमच्या पोडावरचं लेकरू आत्ता कुठं रस्त्याले लागून राह्यलं. जागा रिकामी राहते ते नको म्हनून नाही, तं तिथं पोचायच्या आत लेकरू गळते म्हनून. अन् अशात शिकलेला, रस्त्याकाठचा, हजारोचा मोर्चा काढू शकनारा समाज त्याच रांगेत येऊन उभा राह्यला तं तुमचा नंबर कधीच लागनार नाही. आमचं दुःख खोटं आहे असं तू म्हनत नाही. त्याचा इलाज तुमच्या वाट्यातून करू नका, एवढंच म्हनतं.”

“हाव,” भुजंग म्हणाला. “हे माह्यं.”

नंतर त्यानं बाटली पुढं केली आणि म्हणाला, “आता तुह्यं मी सांगू? तुमच्या लोकाइले इंग्रजानं जन्मताच चोर ठरवलं. बैलाच्या पाठीवर मीठ-धान्य वाहत होते, रेल्वे आली, ते गेलं. गावानं गावात घेतलं नाही, म्हनून तांडा. पुष्पावैनीची बहीन पैनगंगेच्या पल्याड, शेजारच्या राज्यात देली. एका मायच्या दोन पोरी, एकच बोली, एकच देव. तिकडच्या लेकराले आदिवासी म्हनते, इकडच्याले नाही. मधात फक्त नदी आहे. हे बरोबर नाही, अन् ते नीट करा, असं तू म्हनतं.”

प्रेमसिंग म्हणतो, माझी बाजू एवढी सरळ मलाच कधी मांडता आली नव्हती.

“मंग पटते का तुले?” त्यानं विचारलं.

“नाही,” भुजंग म्हणाला. “माह्या मतात फरक नाही. मोर्चा निघाला तं मी जाईन.”

“मीबी जाईन.”

“जाय ना. कोन नाही म्हनते?”

त्याच दिवशी प्रेमसिंगनं ग्रुपात लिहिलं की अमुक वाक्य माझं होतं, ते चुकीचं आणि अपमानाचं होतं, मी ते परत घेतो. मागणीवर मी ठाम आहे, पण ते वाक्य मागणी नव्हती. मग त्यानं साठवलेले सगळे स्क्रीनशॉट मोबाइलमधून काढून टाकले, हे त्यानं मला सांगितलं, ग्रुपात लिहिलं नाही. ग्रुप पुन्हा सगळ्यांना खुला केला आणि वर एक नियम टाकला : ज्याला उत्तर द्यायचं त्याचं म्हणणं आधी आपल्या शब्दांत लिहा. तो ‘बरोबर’ म्हणाला की मग आपलं लिहा. हे न करता लिहिलेलं काढून टाकलं जाईल.

यानं सगळे खूश झाले असं अजिबात नाही. त्याचा चुलतभाऊ लालसिंग दुकानात येऊन मोठ्यानं बोलला. “मोर्चात आमच्यासंग, अन् ग्रुपात त्यायची वकिली? समाजाले खाली पाहाले लावलं तू.” त्यानं दुसरा ग्रुप काढला आणि तांड्यातले निम्मे लोक तिकडे नेले. त्यांच्या मोटरी काही दिवस दारव्ह्याच्या दुकानात जात होत्या. लालसिंगच्या घरच्या लग्नात प्रेमसिंगला पत्रिका आली, पण कोणी बोलवायला आलं नाही. पुष्पाला याचं फार वाईट वाटलं. ती म्हणाली, “त्या मोबाइलपाई घरातले लोक तुटले.” तिकडे भुजंगलाही त्याच्या संघटनेतल्या काहींनी सुनावलं, की माफी घेऊन मोकळा झालास, आता त्यांच्या ग्रुपात जाऊन बसशील.

भुजंग लगेच ग्रुपात आला नाही. लाइनीच्या वेळा मात्र त्यानं प्रेमसिंगच्या नंबरवर पाठवायला सुरुवात केली. प्रेमसिंग त्या ग्रुपात टाकायचा आणि खाली ‘भुजंगभाऊंकडून’ असं लिहायचा. होळीच्या सुमाराला भुजंग ग्रुपात परत आला, पण ॲडमिन व्हायला नाही म्हणाला.

नियमाचं म्हणाल तर बऱ्याच लोकांना तो झेपलाच नाही. काहींनी लिहिणंच सोडलं. काही जण समोरच्याचं म्हणणं मुद्दाम वेड्यावाकड्या शब्दांत मांडायचे. कुंपणात करंट सोडावा की नाही यावर अतुलनं हंसाबाईंचं म्हणणं असं लिहिलं : “बाईंना डुकरांची दया येते.” हंसाबाईंना टाइप करता येत नाही. त्यांचा आवाजाचा मेसेज आला, “मी अशी बोलली का? माह्या दिराचा पोरगा बांधावर तारेले चिकटून गेला. डुकराची दया कायची आली मले? नीट लिव.” अतुलला ते माहीत नव्हतं. त्यानं पुन्हा लिहिलं, या वेळी नीट. हंसाबाई म्हणाल्या, “हाव, आता सांग तुह्यं.” त्यावर अतुलनं त्याचं म्हणणं लिहिलं. रात्रभर जागून राखलेला हरभरा एका रात्रीत कसा जातो, जागणारा माणूस किती दिवस जागेल, असं. त्याचं मत तेच राहिलं. पण त्या दिवशी कोणी कोणाला हसलं नाही. थोड्या दिवसांनी अतुल मोटर घेऊन दुकानात आला आणि बाकड्यावर बसला. वरातीच्या व्हिडिओबद्दल प्रेमसिंग त्याला काही बोलला का, ते मला माहीत नाही.

ग्रुप आता पूर्वीच्या निम्माही नाही. पूर्वी दिवसाला शेकड्यानं मेसेज यायचे. आता कधी कधी दिवसभरात एकच वाद चालतो, तोही थांबत थांबत. लालसिंगचा ग्रुप जास्त चालतो. तिथं करमणूक जास्त आहे, असं लोक म्हणतात. आरक्षणाचा प्रश्न आहे तिथंच आहे. उन्हाळ्याच्या तोंडावर पुन्हा दोन्ही मोर्चे झाले. प्रेमसिंग त्याच्या मोर्चाला गेला, भुजंग त्याच्या. या वेळी दोघांनीही फोटो टाकले आणि खाली कोणी काही लिहिलं नाही.

त्यानंतर भुजंगची बदली झरीकडे झाली. निघायच्या आदल्या दिवशी दुकानासमोर आम्ही काही जण जमलो. हंसाबाईंनी वांग्याची भाजी करून आणली होती, पुष्पानं भाकरी. लालसिंग आला नाही. भुजंगच्या जागी आलेला वायरमन तरुण आहे, चांगला आहे, पण तो म्हणाला की वेळा कंपनीच्या ॲपवर असतात, तिथं पाहा. तेव्हा ग्रुपाचं मूळ कामही आता फारसं उरलेलं नाही. भुजंग झरीला गेला तरी ग्रुपात आहे. तिकडे रेंज कमी, त्यामुळे त्याची उत्तरं कधी दुसऱ्या दिवशी येतात.

गेल्या आठवड्यात प्रेमसिंगनं नवा प्रश्न टाकला. तांड्यावरच्या, पोडावरच्या कमी पटाच्या शाळा बंद करून मुलांना मोठ्या गावच्या शाळेत न्यावं का? त्याचं स्वतःचं मत होतं, न्यावं. मोठ्या शाळेत मास्तर जास्त, पोरं जास्त, शिकणं बरं. भुजंगचं उत्तर झरीहून आलं, एका ओळीत : “आमच्या पोडावर शाळा नसती तर मी खांबावर चढलो नसतो.” आणि या वेळी दिपालीही ग्रुपात होती. महिनाभरापूर्वी तिनं स्वतःच वडिलांकडे लिंक मागितली होती. तिनं वडिलांच्या विरोधात लिहिलं : घरापासून शाळा लांब गेली की आधी पोरी घरी बसतात.

नियमाप्रमाणे प्रेमसिंगला आधी तिचं म्हणणं मांडायचं होतं. त्यानं लिहिलं, “मुलींना लांब पाठवायला आईबाप घाबरतात, असं तुझं म्हणणं आहे.”

दिपालीनं लिहिलं, “नाही बाबा. अर्धंच आहे.”

मी तेव्हा शेतात होतो, मोबाइल हातात होता. स्क्रीनवर वरच्या बाजूला ‘प्रेमसिंग टाइप करत आहे’ असं दिसत होतं. ते जायचं, पुन्हा यायचं. मी वाफ्याला पाणी फिरवून आलो, तरी तो अजून टाइपच करत होता.